चूक कोणाची? वापरता येईल अशी वेबसाइट बनवायला आपण कसे शिकलो

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की रंग कोणता निवडावा, बटण कुठे ठेवावं, असं काहीतरी आम्ही सांगणार. तसं नाही. आज आपण इतिहास पाहणार आहोत. साध्या माणसाला वापरता येईल अशी वेबसाइट कशी बनवायची, हे सुरुवातीला कोणालाच माहीत नव्हतं. ते शिकावं लागलं, आणि शिकताना पुष्कळ चुका झाल्या. या इतिहासाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: माणसाला एखादी गोष्ट वापरता आली नाही, तर चूक कोणाची?

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. वडील किंवा मावशी ऑनलाइन फॉर्म भरायला बसतात. तीनदा भरतात, तीनदा तो पुसला जातो. शेवटी म्हणतात, ‘‘मला मेलं यातलं काही कळत नाही, तूच भर.’’ म्हणजे फॉर्म वाईट होता, पण दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

ही गोष्ट संगणकापासून नाही, विमानापासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरायची, आणि उतरल्यावर वैमानिक चाकंच आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर बसायचं. नोंद व्हायची ‘वैमानिकाची चूक’. अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विमानात जाऊन पाहिलं, तर पंखांच्या झडपांचा खटका आणि चाकांचा खटका शेजारी-शेजारी, दिसायला अगदी सारखे! थकलेला माणूस अंधारात हात घालणार, तो चुकीच्या खटक्यावर पडणारच. चापानिसचा उपाय अगदी साधा होता. चाकांच्या खटक्यावर चाकाच्या आकाराची मूठ, झडपांच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराची. हाताला फरक कळू लागला. आजही विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखीच असते.

पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अशा ४६० तथाकथित ‘वैमानिकांच्या चुका’ तपासल्या. त्यांचा रोख स्पष्ट होता. वेगवेगळी माणसं एकाच जागी, एकाच प्रकारे चुकत असतील, तर माणसाला दटावून उपयोग नाही, ती जागा बदला. १९८८ साली डोनाल्ड नॉर्मन यांनी हाच विचार रोजच्या वस्तूंना लावला. दार ढकलायचं की ओढायचं हे कळत नसेल, तर गोंधळणारा माणूस मूर्ख नाही, दार मूर्ख आहे.

म्हणजे बघा, वेब जन्माला यायच्या आधीच हे ज्ञान हाताशी होतं. तरीही वेबवाल्यांना ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. असं का झालं?

टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव मार्च १९८९ मध्ये मांडला, तो जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत. १९९१ मध्ये वेब बाहेरच्या जगासाठी खुलं झालं. ती पानं साधी होती. मजकूर, आणि मजकुरातच दुसऱ्या पानाकडे नेणारे दुवे. लिहिणारा शास्त्रज्ञ आणि वाचणाराही शास्त्रज्ञ. दोघांच्या सवयी, भाषा, यंत्रं जवळपास सारखीच. अशा ठिकाणी ‘वापरता येतंय का’ हा प्रश्नच पडत नाही. लिहिणाऱ्याला जे कळतं ते वाचणाऱ्यालाही कळतं.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी मोफत खुलं केलं. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात तयार झालेला ‘मोझेक’ ब्राउझर आला, आणि मजकुराच्या ओळींमध्येच चित्रं दिसू लागली. मग दुकानं आली, बँका आल्या, सरकारी खाती आली. आता लिहिणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा झाला. पानं बनवायला जी मंडळी आली ती छपाई आणि जाहिरातीच्या धंद्यातली. त्यांनी वेबचं पान भित्तिपत्रकासारखं रंगवलं. आधी एक स्वागताचं हलतं चित्र, ते संपेपर्यंत आत जायचं नाही. लुकलुकणारी अक्षरं. सगळं पान म्हणजे एकच मोठं चित्र, त्यात कुठे क्लिक करायचं ते शोधत बसा. त्या वेळचे मोडेम आठवा. सगळ्यात वेगवान, ५६ केबीपीएसच्या मोडेमवरही १०० किलोबाइटचं चित्र यायला सुमारे पंधरा सेकंद लागायचे. बनवणाऱ्याच्या कचेरीत मात्र वेगवान जोडणी. त्याला ते पंधरा सेकंद कधी दिसलेच नाहीत.

याची किंमत किती मोठी होती याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे बू डॉट कॉम. लंडनमधून चालणारं हे कपड्यांचं ऑनलाइन दुकान नोव्हेंबर १९९९ मध्ये उघडलं. कपडे सगळ्या बाजूंनी फिरवून पाहायची सोय, शिवाय मदतीला मिस बू नावाची चित्रातली विक्रेती. दिसायला झकास. पण घरच्या मोडेमवर पानं उघडता उघडेनात. मे २००० मध्ये, म्हणजे सहा महिन्यांत, दुकान बंद. दोष एकट्या पानांचा नव्हता. खर्च अफाट होता आणि शेअर बाजारही कोसळत होता. पण आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत जात होतं, हेही तितकंच खरं.

मग शिकवलं कोणी? सगळ्यात मोठा वाटा याकोब नील्सन या डॅनिश अभियंत्याचा. त्याआधी अशा चाचण्या म्हणजे मोठं प्रकरण असायचं. खास प्रयोगशाळा, एका बाजूनेच दिसणारी काच, डझनावारी माणसं. खर्च एवढा, की बहुतेक जण चाचणी करतच नसत. नील्सन म्हणाले, एवढं कशाला? एका माणसाला बसवा, त्याला एक खरं काम द्या, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा, आणि तुम्ही गप्प बसा. १९९३ साली टॉमस लँडॉअर यांच्यासोबत त्यांनी याचं गणित मांडलं. त्यांच्या आकड्यांप्रमाणे एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, पाच माणसांत सुमारे ८५ टक्के. म्हणून पंधरा जणांची एकच मोठी चाचणी करण्यापेक्षा पाच जणांची करा, पान सुधारा, पुन्हा पाच जणांची करा. या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले. पण चाचणी ही चैन नसून रोजचं काम आहे, ही गोष्ट रुजली.

चाचण्यांतून अनपेक्षित गोष्टी कळल्या. १९९७ साली नील्सन यांनी सांगितलं की त्यांच्या चाचण्यांतले ७९ टक्के लोक नवं पान नुसतं नजरेखालून घालतात, शब्द न् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. लिहिणाऱ्यांना हे झोंबलं, पण त्यातूनच ठळक मथळे, छोटे परिच्छेद, महत्त्वाचं ते आधी, ही पद्धत आली. २००० साली स्टीव्ह क्रुग यांचं छोटंसं पुस्तक आलं. वापरणाऱ्याला विचार करत बसायला लावू नका, हे त्याच्या नावातच होतं. अशी चाचणी कोणालाही घेता येते, हे त्यांनी लोकांना पटवलं.

इथे आमचा एक अनुभव सांगतो. आम्ही पहिल्यांदा अशा चाचण्या घ्यायला बसलो तेव्हा चांगलेच फसलो. आपल्याकडचा माणूस पाहुण्यासारखा वागतो. कसं वाटलं विचारलं की म्हणतो, ‘‘छान आहे हो, खूप मेहनत घेतलीय तुम्ही.’’ आणि त्याआधी दहा मिनिटं तो बिचारा चुकीच्या जागी बोट दाबत होता! तेव्हा कळलं की ऐकायचं कमी आणि त्याच्या हाताकडे पाहायचं जास्त. दुसरी गोष्ट त्याहून अवघड, ती म्हणजे गप्प बसणं. तो अडला की आपली जीभ शिवशिवते, ‘‘अहो काका, ते वरचं दाबा ना.’’ एकदा तसं सांगितलं की काकांचं काम होतं, पण आपलं शिकणं तिथेच संपतं.

आता पुढचा प्रश्न. चाचणीला बसवलेली ती पाच माणसं कोण? सगळी डोळस, तरुण, इंग्रजी वाचणारी असतील, तर बाकीच्यांच्या अडचणी दिसणार कशा?

हा प्रश्न सिडनी ऑलिंपिकच्या वेळी कायद्यापुढे आला. ब्रूस मॅग्वायर हे जन्मांध गृहस्थ. संगणकावरचा मजकूर ते ब्रेलपट्टीवर बोटांनी वाचत. ऑलिंपिकच्या वेबसाइटवर चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता, आणि खेळांच्या यादीपर्यंत त्यांना पोहोचता येत नव्हतं. जून १९९९ मध्ये त्यांनी तक्रार केली. संयोजन समितीचं म्हणणं असं, की हे सगळं दुरुस्त करायला एका माणसाला रोज आठ तास काम करून ३६८ दिवस लागतील. तज्ज्ञांनी साक्ष दिली की एवढं काम नाहीच, एका गटाला चार आठवडे पुरतील. २४ ऑगस्ट २००० रोजी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने निकाल दिला: हा भेदभाव आहे, १५ सप्टेंबरपर्यंत दुरुस्त करा. १५ सप्टेंबर म्हणजे उद्घाटनाचा दिवस. समितीने ते पुरतं केलं नाही, आणि तिला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. खरं तर चित्राला पर्यायी मजकूर द्यावा हा नियम मे १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेला होता. नियम होता, पण बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माणूस नव्हता.

आपण मराठी वाचकांनीही हे वेगळ्या प्रकारे भोगलं आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही पुढची कित्येक वर्षं मराठी वेबसाइट आपापले फॉन्ट वापरत. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा काला. सायबर कॅफेत फॉन्ट बसवायची परवानगी नाही, आणि शोधयंत्रात मराठी शब्द टाकला तर सापडायचं काहीच नाही. आणि आपण काय म्हणायचो? ‘‘आमच्या संगणकाला मराठी येत नाही.’’ पुन्हा दोष आपल्याकडेच!

शेवटचं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. बँकेत खातं उघडताना मोबाइलवर ओळख पटवायची असते. आपण जिवंत माणूस आहोत हे दाखवायला पडद्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. आपल्यासाठी हे एका क्षणाचं काम. पण ॲसिड हल्ल्यात डोळे आणि चेहरा जळालेल्या स्त्रीने काय करायचं? तिला पापणी मिटता येत नाही, म्हणून यंत्राच्या लेखी ती जिवंतच नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ओळख पटवण्याचे इतर मार्ग द्या असे आदेश दिले.

बी-१७ च्या खटक्यांपासून या निकालापर्यंत सुमारे ऐंशी वर्षं झाली. यंत्रं बदलली, तरी प्रश्न तोच राहिला. जेव्हा जेव्हा आपण ‘माणूस चुकला’ म्हणून फाइल मिटली, तेव्हा शिकणं थांबलं. जेव्हा कोणीतरी शेजारी बसून पाहिलं, तेव्हा एक पाऊल पुढे पडलं.

तुमच्यातले जे तरुण हे काम शिकत आहेत, त्यांना एवढंच सांगणं. आज घरी गेल्यावर तुम्ही बनवलेलं एखादं पान आईला, आजोबांना किंवा शेजारच्या काकूंना द्या. एक काम सांगा आणि शेजारी गप्प बसा. त्या जेव्हा म्हणतील, ‘‘मला मेलं यातलं काही कळत नाही,’’ तेव्हा फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. त्या नेमक्या कुठे अडल्या ते लिहून घ्या. तुमची दुरुस्ती तिथून सुरू होते.