खोपोलीचं उलटं पाणी

लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस मुळात पूर्वेचा. इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात, ही त्याची वाट. ती बदलायची कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीतली. ते 1904 मध्ये गेले. 1911 मध्ये गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात योजनेची कोनशिला बसवली. वळवण, शिरोटा आणि लोणावळा इथं पाणी अडवलं, खंडाळ्यापर्यंत आणलं आणि लोखंडी नळांतून घाटाखाली सोडलं. सुमारे 500 मीटर खाली, खोपोलीत, 1915 मध्ये त्यावर वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. तोवर गिरण्या दगडी कोळशावर चालत, त्यामुळे या विजेचं कौतुक होणं साहजिकच होतं.

वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत जातं आणि धरमतरच्या खाडीमार्गे अरबी समुद्राला मिळतं. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात रोडावणाऱ्या नदीला बारा महिने पाणी आलं. मग काठावर कारखाने आले. रसायनीची हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी 1960 ची, रिलायन्सचा पाताळगंगा प्रकल्प त्यानंतरचा. नदी मात्र त्यांच्या हिशेबाने वागायला बांधील नव्हती: 1989 च्या जुलैत तिचा पूर थेट रिलायन्सच्या कारखान्यात शिरला. कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही असंच वीजघर उभं राहिलं. तिथलं पाणी उल्हास नदीला जातं आणि पुढची शहरं त्यावर तहान भागवतात.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली? हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला गेला तो मुळशीत. 1921 मध्ये तिथल्या मावळ्यांनी टाटांच्याच पुढच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. धरण झालंच.

महाविद्यालयाच्या वर्गात पर्यावरणाचा हा विषय पोचायला आणखी सात-आठ दशकं लागली, आणि तोही विद्यापीठांना सुचला म्हणून नव्हे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. तरीही पदवीच्या सर्व शाखांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम यायला पुढचं शतक उजाडलं. तो आखणाऱ्या समितीचे प्रमुख होते पुण्याचे डॉ. इराक भरूचा. पेशाने शल्यविशारद, ध्यास जंगलांचा. त्यांनी या अभ्यासक्रमाचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. पर्यावरणशास्त्रात स्वतंत्र बीएस्सी करायची तर खोपोलीच्या मुलांना पुण्याच्या फर्ग्युसनसारखं महाविद्यालय गाठण्यासाठी घाट चढावा लागतो. पण बीकॉमच्या विद्यार्थ्यालाही सक्तीचा पेपर चुकला नाही.

त्या अभ्यासक्रमात 50 तासिका होत्या आणि त्यातल्या जेमतेम 5 क्षेत्रभेटीच्या. नदी किंवा डोंगर पाहा, जवळची प्रदूषित जागा पाहा, असं त्यात सुचवलेलं. इतर गावांत यासाठी बस ठरवावी लागते. खोपोलीत नदी, नळ, वीजघर आणि कारखाने एका दुपारी पायी आणि रिक्षाने उरकतात. धरणांचा आदिवासींवर होणारा परिणाम, पुनर्वसन, दरडी हेही मुद्दे यादीत होते, प्रत्येकी एखाद्या ओळीपुरते. 19 जुलै 2023 च्या रात्री खोपोलीच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता राहिली.

वळवलेल्या पाण्याचा वाद तर अजून मिटलेला नाही. कृष्णा पाणीतंटा लवादापुढे तो आलाच होता; आता टाटांच्या धरणांचं पाणी भीमेच्या दुष्काळी खोऱ्याला परत द्या, अशी मागणी होते. हाच प्रश्न परीक्षेत विचारला तर सोलापूरचा विद्यार्थी पाऊस मुळात कुणाचा होता इथून सुरुवात करेल. खोपोलीचा विद्यार्थी आधी विचारेल, की मग एप्रिल-मेमध्ये पाताळगंगेत उरेल काय.