शेण आणि सरपण

शेणासारखे उत्तम खत हिंदी शेतकरी चुलीत जाळतो, हा त्याचा अडाणीपणा होय, असा आक्षेप एकोणिसाव्या शतकात गोरे अधिकारी वारंवार घेत असत. दख्खनच्या अवर्षणी पूर्वपट्ट्यातील चूल ज्याने पाहिली असेल, त्याला हा आक्षेप पटणे कठीण.

माण, सांगोले, आटपाडी या मुलखात वर्षाकाठी २० इंचांच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. ओढ्याकाठच्या बाभळी, बांधावरचे लिंब आणि माळावरची तरवड यांवरच गावाची भिस्त. त्यातही बाभूळ औताला व गाडीला लागे. ती चुलीत घालणे म्हणजे उधळेपणाच. मग चुलीच्या वाट्याला तुरकाठ्या, जोंधळ्याची धसकटे आणि गोवऱ्या येत. गोवरीचा विस्तव मंद व टिकाऊ. तिच्यावर दूध निवांत तापते, आणि रात्री राखेत झाकलेला निखारा पहाटे पुन्हा फुलतो. आगपेटी दुर्मिळ होती त्या काळी हा गुण लहान नव्हता. मात्र शेण जळाले की त्यातील नत्र धुरावाटे जाते. राख शेतात टाकली तरी ते परत येत नाही.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनची जनावरे मोठ्या संख्येने दगावली. जनावरांबरोबर शेणही गेले. त्याच १८७८ साली नवा जंगल कायदा झाला. त्यात 'ग्रामवन' नावाचा एक वर्ग होता खरा, परंतु तो बहुतांशी कागदावरच राहिला. डोंगर, दऱ्या, गायराने जंगलखात्याने गिळली, ही जोतीराव फुले यांची तक्रार १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये नमूद आहे.

पुढे १८८९ मध्ये डॉक्टर व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून शेतीची पाहणी करण्यास आले. लाकूड मिळते तेथे रयत सहसा शेण जाळीत नाही, असा निर्वाळा त्यांनी १८९३ च्या अहवालात दिला आणि सरपण व चारा यांसाठी गावोगाव राखीव राने लावण्याची शिफारस केली. म्हणजे दोष रयतेच्या अकलेचा नव्हे, सरपणाच्या टंचाईचा! १८९४ च्या सरकारी वनधोरणाने हे तत्त्व मान्यही केले. पण मोळीसाठी बायकांची पायपीट त्याने थांबली नाही.

२०१६ साली उज्ज्वला योजना निघाली आणि गॅसची टाकी या मुलखातही पोचली. तरी कित्येक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी झाली. पावसाळ्याआधी परसात गोवऱ्या अजूनही रचल्या जातात.