नर किती, माद्या किती?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या लोणी देवकरभोवती, इंदापूर-बारामतीच्या माळरानांवर चिंकारा आजही चरताना दिसतो. पण तो मोजायचा कसा?

अमेरिकेत 1940 साली जॉर्ज केल्कर यांनी हरणांसाठी एक युक्ती मांडली. शिकारी मुख्यतः नरच टिपत. त्यामुळे शिकारीआधीचे आणि नंतरचे नर-मादी प्रमाण, शिवाय मारलेल्या नरांचा आकडा हाती असला की एकूण संख्या काढता येई. समजा, आधी निम्मे नर होते आणि 30 नर मारल्यावर शंभरात 40 उरले. म्हणजे मूळची हरणे 180. त्यांत 90 नर, 90 माद्या.

आपल्याकडे हा मार्ग बंद झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिंकाऱ्याच्या शिकारीवर बंदी आली. त्यात चिंकाऱ्याच्या मादीलाही बारीक शिंगे असतात, म्हणून दुरून फसगत होते. काळविटाचा काळा, पिळदार शिंगांचा नर मात्र लांबूनही ओळखू येतो.

आता वनखात्याची भिस्त पाणवठ्यांवर. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून प्राणी मोजले जातात.

बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 चे, क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर. चिंकारा त्या हद्दीबाहेरही वावरतो. खरा आकडा हवा तर मोजणी माळांवरही व्हायला हवी.