ॲस्परॅगसवरील तापमानाचा परिणाम

ॲस्परॅगस (शास्त्रीय नाव: ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस) ही बहुवर्षायू भाजी असून तिचे कोवळे कोंब खाल्ले जातात. औषधी शतावरी ही याच प्रजातीतील निराळी जाती आहे. ॲस्परॅगसचे उत्पादन आणि कोंबांचा दर्जा हे दोन्ही तापमानावर अवलंबून असतात. मात्र उत्पादनाचा वेग वाढवणारी उष्णता दर्जाला मारक ठरू शकते.

उत्पादन

कोंब जमिनीतील मूलक्षोडावरच्या कळ्यांपासून फुटतात. त्यांना लागणारी शर्करा आदल्या हंगामातील पर्णसंभाराने तयार करून मांसल मुळांत साठवलेली असते. त्यामुळे एका वर्षाच्या उत्पादनावर आदल्या उन्हाळ्यातील हवामानाचाही प्रभाव पडतो. समशीतोष्ण प्रदेशात झाड हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि वसंत ऋतूत माती सुमारे १०° से. पर्यंत तापल्यावर कोंब वाढू लागतात. तापमानाबरोबर वाढीचा वेग वाढतो. उष्ण दिवसांत कधी दिवसातून दोनदा तोडणी करावी लागते. तापमान गोठणबिंदूखाली गेल्यास वर आलेले कोंब मरतात; मातीखालील मूलक्षोड सहसा वाचते.

दर्जा

उत्तम कोंबाचा शेंडा घट्ट मिटलेला असतो. तीव्र उष्णतेत कोंब पुरेसा उंच होण्यापूर्वीच शेंडा उमलतो. अशा वेळी तोडणी लांबल्यास कोंब तंतुमय होतो.

लागवडीतील नियंत्रण

जर्मनीत पांढरे ॲस्परॅगस मातीच्या उंच वरंब्यांखाली, प्रकाशापासून दूर वाढवतात. वरंब्यांवर एका बाजूने काळा व दुसऱ्या बाजूने पांढरा असलेला प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. काळी बाजू वर ठेवल्यास माती लवकर तापते, तर पांढरी बाजू वर केल्यास वाढ मंदावते. तेथे तोडणी परंपरेने २४ जूनला थांबवतात, जेणेकरून उरलेल्या उन्हाळ्यात मुळांत पुन्हा साठा होतो. पेरूच्या वाळवंटी किनारपट्टीवर कडक हिवाळा नसतो. तेथे सिंचन रोखून झाडांना विश्रांती देतात व तोडणीची वेळ ठरवतात.

काढणीनंतर

तोडलेल्या कोंबांचे श्वसन अतिशय जलद असते. उबेत त्यांतील शर्करा झपाट्याने घटते आणि कोंब कठीण होतात. म्हणून ते त्वरित थंड करून ०° ते २° से. तापमानात व दमट हवेत ठेवतात. मात्र ०° से. तापमानात सुमारे दहा दिवसांहून अधिक काळ ठेवल्यास शीत-इजा होऊ शकते.