पिट्ठूत काय, तळावर काय: ब्राउझरमधल्या साठवणीचा इतिहास

आज लढाई नाही, पण प्रश्न फौजी माणसाच्या ओळखीचा आहे. पुढे निघालेल्या जवानाच्या पिट्ठूत काय द्यायचं आणि तळावर काय ठेवायचं? वेब अ‍ॅप बनवणाऱ्यालाही हेच ठरवावं लागतं. माहिती वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवायची, तर कशात?

सुरुवातीच्या वेबला स्मरणशक्तीच नव्हती. दर पानाला तुम्ही सर्व्हरला नव्याने अनोळखी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी त्यावर कुकी काढली. ही जेमतेम ४ किलोबाइटची चिठ्ठी दर फेरीला सर्व्हरकडे जाते. ओळखपत्र म्हणून उत्तम, सामान वाहायला निरुपयोगी. पुढे लोकल स्टोरेज आलं. जागा साधारण ५ एमबी, वापरायला अगदी सोपं. पण त्यात फक्त मजकूर राहतो आणि वाचन-लेखन होईपर्यंत पान थांबून राहतं.

खरी झुंज झाली ती मोठ्या साठ्यावरून. वेब एसक्यूएल हा डेटाबेस सफारी, क्रोम, ऑपेराने घेतला. प्रोग्रामर खूश, कारण एसक्यूएल सगळ्यांनाच येत होतं. पण आतून प्रत्येकाने एसक्यूलाइटच बसवलं होतं. डब्ल्यूथ्रीसीला मानक ठरवण्यासाठी वेगवेगळ्यांनी स्वतंत्रपणे बनवलेली रूपं हवी होती. इथे सगळ्यांच्या खांद्यावर एकाच कारखान्याची बंदूक! मोझिला तर विरोधातच होती. नोव्हेंबर २०१० मध्ये ते काम थांबलं.

जागा घेतली इंडेक्स्ड डीबीने. मूळ प्रस्ताव ओरॅकलमधल्या निकुंज मेहता यांचा. जानेवारी २०१५ मध्ये ती अधिकृत मानक झाली. लिहायला किचकट, हे मान्य. पण साठा मोठा, फाइलीही राहतात आणि पान अडत नाही. जुन्या प्रोग्रामरांना तो निर्णय अजून खुपतो. मला पटतो. क्रोमनेही २०२२ मध्ये वेब एसक्यूएल काढायला घेतलं, तेव्हा त्यावर इमले बांधणाऱ्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं.

आता माझी चूक सांगतो. निवृत्तीनंतर महूजवळच्या गावांत आम्ही काही जण माजी सैनिकांच्या विधवांचे पेन्शनचे कागद पुरे करायला फिरतो. तिथे नेटवर्क नसतं, म्हणून मी छोटं अ‍ॅप बनवलं. नोंद फोनच्या ब्राउझरमध्ये करायची, घरी येऊन सर्व्हरवर चढवायची. सोपं म्हणून लोकल स्टोरेज निवडलं. एका सहकाऱ्याचा फोन हळू चालायला लागला. त्याने ब्राउझरचा डेटा साफ केला. अकरा नोंदी गेल्या.

इंडेक्स्ड डीबी असती तरी गेल्याच असत्या, हे मला नंतर उमगलं. सफारी तर २०२० पासून, सात दिवस वापरूनही तुम्ही त्या साइटकडे फिरकला नाहीत, तर तिथल्या स्क्रिप्टने ठेवलेलं दोन्हीकडचं सामान स्वतःच फेकते. आयुष्य सिग्नल्समध्ये काढलेल्या माणसाने पोच न घेता निरोप पाठवला समजावा, याला काय म्हणायचं? आता नोंद इंडेक्स्ड डीबीत जाते, सिग्नल मिळताच वर चढते आणि सर्व्हरची पोच आल्याशिवाय फोनमधून खोडली जात नाही.

अकराही घरी मी स्वतः परत गेलो. एका आजींनी कागदांची पिशवी पुन्हा पेटीतून काढली आणि विचारलं, मागच्या वेळी लिहून नेलं होतं, ते कुठे ठेवलंत?