एकेरी मार्गाची पाटी

रस्त्याच्या तोंडाशी उभी असलेली तांबडी गोल पाटी आणि तिच्यावरील पांढरा आडवा पट्टा आपण सर्वांनीच पाहिला आहे. पलीकडून येणाऱ्यांस हा रस्ता मोकळा आहे, आपणांस मात्र येथून प्रवेश नाही, एवढेच ती सांगते. ही व्यवस्था मोटारीबरोबर आली असा सर्वसाधारण समज आहे. पाटी अर्वाचीन आहे हे खरे; परंतु तिच्यामागील नियम मोटारीहून पुष्कळच जुना आहे.

इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले. तेथील फरसबंद रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. या चाकोऱ्यांची आणि कडेच्या दगडांची झीज तपासून एरिक पोलर या संशोधकाने असा निष्कर्ष काढला की, तेथील कित्येक अरुंद रस्त्यांवर गाड्या एकाच दिशेने जात असत. पुढे १६१७ साली लंडनच्या नगरसभेने थेम्स स्ट्रीटच्या परिसरातील सतरा चिंचोळ्या गल्ल्यांत मालाच्या गाड्यांस एकाच दिशेचे बंधन घातले. त्यांतच ती पुडिंग लेन होती, जेथून १६६६ ची भीषण आग पसरली.

मोटारी आल्या, देशोदेशींचे प्रवासी परक्या रस्त्यांवर फिरू लागले, आणि अक्षरी सूचना अपुरी पडू लागली. १९३१ च्या जिनिव्हा येथील करारात रस्त्यावरील चिन्हांना एकरूपता देण्यात आली व प्रवेशबंदीसाठी हीच तांबडी तबकडी स्वीकारली गेली. अनेक लिप्यांच्या आपल्या देशात अशा निरक्षर चिन्हाचे मोल विशेष आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. आपल्या रस्त्यांवरील पाट्यांची संहिता तीच ठरविते.

या नियमाचा लाभ गणितानेही दाखविता येतो. दोन दुहेरी रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या चौकात वाहनांच्या वाटा सोळा ठिकाणी परस्परांस आडव्या जातात. तेच दोन्ही रस्ते एकेरी केले, तर असे ठिकाण एकच उरते. त्याची किंमतही आहेच: वळसा पडतो, आणि समोरून कोणी येत नाही म्हणून वेग वाढतो.

यात खरा प्रश्न विश्वासाचा आहे. एकेरी रस्ता ओलांडणारी वृद्ध स्त्री वा शाळकरी मूल एकाच बाजूस पाहून पाऊल टाकते. दुसऱ्या बाजूची हमी पाटीने दिलेली असते. वळसा वाचविण्यासाठी उलट दिशेने शिरणारा ही हमी मोडतो. म्हणूनच २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात, जिवास धोका उत्पन्न करणारे असे उलट दिशेचे वाहन चालविणे धोकादायक वाहनचालनात गणले गेले. पाँपेईच्या गाडीवानांना जे वहिवाटीने साधले, ते आपल्याला पाटी, शिपाई आणि कायदा असूनही साधू नये, याचा विचार प्रत्येक वाहनचालकाने करावयास हवा.