एका वाक्याचा इतिहास : अमेरिकेतील शस्त्रनियंत्रणाचा वाद आणि शाळांतील हत्याकांडे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या घटनेतील दुसरी दुरुस्ती मूळ इंग्रजीत अवघ्या सत्तावीस शब्दांची आहे. १५ डिसेंबर १७९१ रोजी ती संमत झाली, आणि त्यानंतर दीर्घकाळ न्यायालयांना तिचा विचार क्वचितच करावा लागला. गेल्या काही दशकांत मात्र तिच्याइतके कीस पाडले गेलेले दुसरे वाक्य त्या देशाच्या कायद्यात सापडणे कठीण. एखाद्या शाळेत गोळीबार होतो, मुले मरतात, काही दिवस शोक चालतो, आणि मग काय करावे याची चर्चा काय करता येईल या प्रश्नाकडे आणि तेथून या सत्तावीस शब्दांकडे वळते. मुलांच्या जिवाचा प्रश्न हा वाक्यरचनेचा व शब्दार्थाचा प्रश्न कसा होऊन बसला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाक्याचा आशय मराठीत साधारणपणे असा सांगता येईल : सुव्यवस्थित मिलिशिया ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस आवश्यक असता, शस्त्रे बाळगण्याचा व धारण करण्याचा लोकांचा हक्क संकोचिला जाणार नाही. मिलिशिया म्हणजे पगारी खडे सैन्य नव्हे. प्रसंगी आपापली बंदूक घेऊन उभी राहणारी नागरिकांची पलटण. खड्या सैन्याविषयी त्या पिढीला जो अविश्वास वाटत होता, त्यातून ही कल्पना घटनेत आली, एवढे सर्वमान्य आहे. वाद आहे तो ‘असता’ या ठिकाणी.

मूळ इंग्रजीतील पूर्वार्ध ही स्वतंत्र कृदन्तरचना आहे. लॅटिनमध्ये तिला पंचमीसदृश विभक्ती लागते, संस्कृतात सप्तमी. आपले विद्यार्थी तिला सति सप्तमी या नावाने ओळखतात. या रचनेचा विशेष असा की, ती दोन क्रियांचा संबंध सांगते, पण तो कोणत्या प्रकारचा आहे हे स्वतः सांगत नाही. गाई दोहल्या जात असता तो गेला, या परिचित उदाहरणात दोहणे हे जाण्याचे कारण नाही, केवळ काळ आहे. पाऊस पडत नसता शेतकरी काय पेरणार, येथे मात्र कारण स्पष्ट आहे. मराठीत भाषांतर करणाराला ‘असल्यामुळे’, ‘असताना’ आणि ‘असून’ यांपैकी एक निवडावे लागते, आणि निवड करताच तो नकळत अमेरिकेच्या एका राजकीय पक्षात जाऊन बसतो. ‘असल्यामुळे’ म्हटले तर हक्क मिलिशियाच्या प्रयोजनाशी बांधला जातो. ‘असून’ म्हटले तर पूर्वार्ध केवळ प्रास्ताविक उरतो आणि हक्क मोकळा होतो.

मसुद्याचा इतिहास पाहता दोन्ही पक्षांना काही ना काही हाती लागते. जेम्स मॅडिसन यांनी ८ जून १७८९ रोजी मांडलेल्या मसुद्यात क्रम उलटा होता : हक्क आधी, मिलिशिया नंतर. त्याच्यापुढे आणखी एक कलम होते. ज्याला धर्मबुद्धीने शस्त्र धारण करणे निषिद्ध वाटते, त्याच्यावर लष्करी सेवेची सक्ती होऊ नये, असा त्याचा आशय. हे कलम सिनेटमध्ये गळले. पण अर्थनिर्णयाच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. क्वेकर पंथीयांचा विरोध युद्धाला होता, सशाच्या शिकारीला नव्हता; तेव्हा या कलमात तरी ‘शस्त्र धारण करणे’ म्हणजे सैनिक होणे, हाच अर्थ असला पाहिजे. याउलट ‘सामाईक संरक्षणार्थ’ असे शब्द घालण्याची सूचना सिनेटने फेटाळली, हेही त्याच नोंदींत आहे. ते शब्द नको होते म्हणून फेटाळले की अनावश्यक वाटले म्हणून, याचा उलगडा नोंदीवरून होत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा वाद न्यायालयात फारसा पेटला नाही. १९३४ च्या कायद्याने मशीनगन व आखूड नळीच्या बंदुकांवर २०० डॉलरांचा कर बसविला. १९३९ साली मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, आखूड नळीच्या बंदुकीचा मिलिशियाच्या उपयुक्ततेशी संबंध दाखविला गेलेला नाही, म्हणून तिला संरक्षण नाही, असे ठरविले. म्हणजे पूर्वार्धाला तेव्हा वजन होते. केनेडी बंधू व मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ साली शस्त्रनियंत्रणाचा मोठा कायदा झाला, तोही याच समजुतीवर. पालट झाला तो न्यायालयाबाहेर. १८७१ साली नेमबाजी सुधारण्यासाठी स्थापन झालेली राष्ट्रीय रायफल संघटना १९७७ च्या सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत कडव्या गटाच्या हाती गेली आणि नियंत्रणास विरोध हे तिचे मुख्य कार्य बनले. पुढे तिच्या मुख्यालयाच्या भिंतीवर दुसऱ्या दुरुस्तीचा उत्तरार्ध तेवढा कोरला गेला, पूर्वार्ध वगळण्यात आला. पाठचिकित्सा करणाऱ्यास याहून बोलका पाठभेद मिळणे अवघड आहे.

याच काळात शाळांतील हत्याकांडे राष्ट्रीय चर्चेचा विषय होऊ लागली. १ ऑगस्ट १९६६ रोजी टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेला गोळीबार ही त्यांतील जुनी घटना. (विद्यापीठाच्या आवारात परवानाधारकांना पिस्तूल जवळ बाळगू देणारा टेक्सासचा कायदा बरोबर पन्नास वर्षांनी, १ ऑगस्ट २०१६ रोजी, अमलात आला.) जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे प्राथमिक शाळेच्या मैदानावर पाच मुले अर्धस्वयंचलित रायफलीने मारली गेली. त्याच वर्षी त्या राज्याने अशा शस्त्रांवर बंदी घातली, आणि १९९४ साली केंद्राने दहा वर्षांच्या मुदतीचा तसा कायदा केला.

येथे व्याख्येचा प्रश्न पहिल्यांदा उघडा पडला. ज्यावर बंदी घालावयाची ते शस्त्र ओळखावयाचे कसे? कायद्याने काही शस्त्रे नावानिशी सांगितली आणि उरलेली लक्षणांवरून ठरविली : सुटे होणारे मॅगझिन, आणि त्याखेरीज पिस्तुलासारखी मूठ, घडी होणारा दस्ता, संगीन बसविण्याची खोबण इत्यादींपैकी दोन लक्षणे. कारखानदारांनी एखादे लक्षण काढून टाकले आणि तेच यंत्र पुन्हा विकावयास ठेवले. लक्षणे बाह्य असली की असे होणारच. गोवंशाची व्याख्या शिंगांवरून करावी आणि मालकाने शिंगे कापून बैल बाजारात आणावा, तशातला हा प्रकार झाला. शिवाय जुनी शस्त्रे लोकांच्या घरी तशीच राहिली. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन येथील शाळेत बारा विद्यार्थी व एक शिक्षक मारले गेले, तेव्हा हा कायदा अमलात होता. सप्टेंबर २००४ मध्ये त्याची मुदत संपली आणि ती वाढविली गेली नाही.

शाळांच्या भोवती बंदूक नेण्यास मनाई करणाऱ्या १९९० च्या कायद्याची कथा याहून चमत्कारिक आहे. टेक्सासमधील एका शाळेत रिव्हॉल्व्हर घेऊन आलेल्या विद्यार्थ्यावर खटला झाला. हाच तो लोपेझ खटला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदाच रद्द केला, आणि तोही दुसऱ्या दुरुस्तीच्या आधारे नव्हे. केंद्राला आंतरराज्यीय व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार आहे. शाळेत बंदूक नेणे हा व्यापार नाही, असा निर्णय झाला. तेव्हा १९९६ साली काँग्रेसने कायद्यात काही शब्दांची भर घातली : जी बंदूक आंतरराज्यीय व्यापारातून फिरली आहे किंवा त्या व्यापारावर परिणाम करते, तिलाच मनाई लागू. त्या भरीवर तो कायदा आज उभा आहे. शाळेच्या हजार फुटांच्या परिघात केंद्रीय कायद्याने मुलाला जे संरक्षण मिळते, ते बंदूक हा व्यापारी माल आहे म्हणून मिळते.

शब्दांचा प्रताप संशोधनक्षेत्रानेही अनुभवला. १९९६ साली रोगनियंत्रण केंद्राच्या अनुदानाला एक अट जोडण्यात आली : शस्त्रनियंत्रणाचा ‘पुरस्कार वा प्रसार’ करण्यासाठी हा पैसा वापरू नये. संशोधनावर बंदी घातलेली नव्हती. पण त्याचबरोबर, बंदुकीच्या जखमांच्या अभ्यासावर खर्च होत असलेली २६ लाख डॉलरांची रक्कम दुसरीकडे वळविण्यात आली, आणि कोणता निष्कर्ष पुरस्कार ठरेल हे कोणीच सांगू शकत नसल्याने अधिकाऱ्यांनी हा विषयच टाळला. या उद्देशाने पुन्हा अनुदान मंजूर झाले ते २०१९ च्या अखेरीस. मधल्या काळात अट सुचविणारे प्रतिनिधी जे डिकी यांनाच आपल्या कृतीचा पश्चात्ताप झाला होता. एका क्रियापदाच्या धाकाने वीस वर्षांहून अधिक काळ सरकारी ज्ञानसंचय खुंटावा, हे विद्यापीठांनी विसरण्याजोगे नाही. आकड्यांची वाण किती होती, हे २०१८ साली दिसले. शिक्षण खात्याच्या पाहणीत २०१५-१६ या एका वर्षात सुमारे २४० शाळांत गोळीबार झाल्याची नोंद होती. एका नभोवाणी संस्थेने चौकशी केली तेव्हा त्यांपैकी अकराच घटनांची खात्री पटली. प्रश्नावलीतील शब्द शाळाचालकांनी वेगवेगळ्या रीतींनी वाचले, हे या घोळाचे एक कारण. हा घोळ नियंत्रणविरोधकांच्या पथ्यावर पडला. पण त्यावरून मेलेली मुले कमी होत नाहीत.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनी आणि भारतातून जाऊन तेथे स्थायिक झालेला एक प्राध्यापक होता. पुढच्याच वर्षी, २६ जून २००८ रोजी, हेलर खटल्याचा निकाल लागला. राजधानीच्या जिल्ह्यात घरी पिस्तूल ठेवण्यास १९७६ पासून बंदी होती. ती पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाली. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचे. पूर्वार्ध प्रयोजन सांगतो, पण हक्काला मर्यादा घालीत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. ‘शस्त्र धारण करणे’ हा शब्दप्रयोग लष्करी अर्थाने येतो खरा, पण नेहमीच नव्हे, असे सांगून त्यांनी पेन्सिल्व्हेनियाच्या १७७६ च्या घटनेसारखी उदाहरणे दिली. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी विरोधी मतात पूर्वार्धाला त्याचे वजन परत देण्याचा प्रयत्न केला.

या खटल्यात डेनिस बॅरन, रिचर्ड बेली व जेफ्री कॅप्लन या भाषाशास्त्रज्ञांनी न्यायालयापुढे आपले निवेदन ठेवले होते, ही गोष्ट या पत्रिकेच्या वाचकांना विशेष महत्त्वाची वाटेल. अठराव्या शतकातील व्याकरणाप्रमाणे पूर्वार्ध कारणवाचक आहे आणि उत्तरार्धातील शब्दप्रयोग लष्करी रूढीचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हरणाच्या शिकारीला निघालेल्या मनुष्याने ‘शस्त्र उचलले’ असे मराठीतही कोणी म्हणत नाही. पुढे २०१८ साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने त्या काळच्या लेखनाचे विस्तृत संग्रह शोधासाठी खुले केले. बॅरन यांनी त्यांतील सुमारे दीड हजार प्रयोग पाहिले. लष्करी अर्थापासून दूर जाणारे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. हा पुरावा भक्कम आहे. तथापि त्याची मर्यादाही मान्य केली पाहिजे. वाक्यात ‘धारण करणे’ याच्याबरोबर ‘बाळगणे’ हेही क्रियापद आहे. ते रूढ वाक्प्रचार नाही, त्याचा अर्थ सरळ वाच्यार्थच आहे, आणि खटला तर घरी पिस्तूल बाळगण्याचा होता. बहुसंख्य प्रयोग एका अर्थाचे आहेत, एवढ्यावरून दुसरा अर्थ अशक्य ठरत नाही, हा स्कालिया यांचा मुद्दाही तर्कदृष्ट्या पोकळ नाही. त्यांचे पूर्वार्धाविषयीचे विवेचन मात्र दुबळे वाटते. ज्या रचनेला कर्त्यांनी वाक्याच्या अग्रभागी आणून बसविले, तिला अर्थनिर्णयात अखेरीस हाक मारावयाची, हा वाचनाचा क्रम नव्हे.

त्याच निकालपत्रात शाळा व सरकारी इमारती अशा ‘संवेदनशील’ जागी शस्त्रबंदी वैध राहील असे म्हटले आहे. पण शाळेत शिरणारी बंदूक शाळेत जन्मत नाही, ती कोणाच्या तरी घरून वा दुकानातून येते. आणि घराचे दार तर न्यायालयाने नियंत्रणाला आता बरेचसे बंद केले होते. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हुक येथील प्राथमिक शाळेत वीस मुले व सहा प्रौढ मारले गेले. चार महिन्यांनी खरेदीदाराची चौकशी व्यापक करणाऱ्या दुरुस्तीला सिनेटमध्ये चौपन्न मते अनुकूल पडली. आवश्यक होती साठ. २४ मे २०२२ रोजी युवाल्डी येथे एकोणीस मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर महिन्याभरात, २५ जूनला, जवळजवळ तीन दशकांतील पहिला लक्षणीय केंद्रीय कायदा झाला. त्याच्या दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात, कोणताही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे, असे ठरविले होते.

व्याकरणाचा तास तेथे अद्याप संपलेला नाही. मशीनगनची १९३४ ची व्याख्या ‘चापाच्या एका कार्याने’ एकाहून अधिक गोळ्या सोडणारे शस्त्र अशी आहे. २०१७ मध्ये लास व्हेगास येथील हत्याकांडात वापरलेला धक्कादस्ता तिच्यात बसतो काय, हा प्रश्न २०२४ साली न्यायालयापुढे आला. चापाचे कार्य ही कर्तरी षष्ठी की कर्मणि? चाप स्वतः जी हालचाल करतो ती, की बंदूकधारी चापावर जी क्रिया करतो ती? ‘आईची आठवण’ या शब्दांत जी द्व्यर्थता आहे तीच येथे. सहा न्यायमूर्तींनी चापाच्या बाजूने कौल दिला आणि धक्कादस्ता मोकळा सुटला. मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या संचातून घरी जोडावयाची बंदूक ही ‘शस्त्र’ होय काय, या प्रश्नाचे उत्तर देताना न्यायमूर्ती गॉर्सच यांनी निर्मितवस्तुवाचक नामांचा विचार केला : अपुरे हस्तलिखितही कादंबरी म्हणून ओळखले जाते, न जोडलेले मेज मेजच असते. येथे नियमनाची बाजू सात विरुद्ध दोन मतांनी जिंकली.

हेलर खटल्यात पराभूत झालेले स्टीव्हन्स निवृत्तीनंतरही या वाक्याकडे परत येत राहिले. २०१४ साली त्यांनी त्यात पाच शब्द वाढवावे असे सुचविले; ‘मिलिशियात सेवा बजावीत असताना’ हा त्यांचा अर्थ. जो ‘असता’ संदिग्ध होता, त्याच्या शेजारी त्यांना एक असंदिग्ध ‘असताना’ हवा होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलँड येथील शाळेत सतरा जण मारले गेले आणि तेथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्या मार्चमध्ये सत्त्याण्णव वर्षांच्या स्टीव्हन्स यांनी पाच शब्दांची सूचना बाजूला ठेवून वर्तमानपत्रात लिहिले की, सगळे वाक्यच घटनेतून काढून टाकावे. त्यासाठी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि पन्नासांपैकी अडतीस राज्यांची संमती लागते. २०१९ साली स्टीव्हन्स यांचे निधन झाले.